उरलेलं कापड, उरलेला वेळ

मराठीतल्या काही शब्दांच्या वाट्याला कायम उपेक्षाच आली. 'चिंधी' हा त्यांपैकी एक. एखाद्याला चारचौघांत उघडं पाडायचं झालं की आपण त्याच्या 'चिंध्या' करतो. किरकोळ लबाडी करणारा 'चिंधीचोर' ठरतो आणि मुंबईच्या बोलीत हलक्या हिशेबीपणाला 'चिंधीगिरी' म्हणतात. वर्ध्याजवळच्या एका घरात १९४८ साली मुलगी जन्मली. ती नकोशी, म्हणून तिला 'चिंधी' अशीच हाक पडली. तीच चिंधी पुढे सिंधुताई सपकाळ झाली आणि कितीतरी अनाथ मुलांची माय झाली. पण जन्माला आलेल्या लेकरासाठी हा शब्द सुचावा, यातच आपण चिंधीला काय समजतो ते कळतं.

याच भाषेत चिंधीचा मान राखणारीही एक परंपरा आहे, हेही सांगायला हवं. श्रीकृष्णाचं बोट कापलं, घरात भरजरी वस्त्रांना तोटा नव्हता, पण बांधायला चिंधी मिळेना. तेव्हा द्रौपदीनं आपला पीतांबर फाडून दिला, ही कथा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. 'श्यामची आई' या १९५३ सालच्या चित्रपटासाठी आचार्य अत्र्यांनी त्या प्रसंगावर गाणंच लिहिलं. आणि गाडगेबाबांनी तर चिंध्यांचंच वस्त्र अंगावर मिरवलं. त्यांना 'गोधडे महाराज' म्हणत ते त्यामुळेच. म्हणजे चिंधी हलकी की भारी, हे तिच्या आकारावर ठरत नाही. ती कुणाच्या हातात आहे आणि कुठल्या वेळी आहे, यावर ठरतं.

आजचा विषय मात्र इतका पौराणिक नाही. तो आहे केसांना लावायच्या कापडी पट्ट्याचा, म्हणजे हेअरबँडचा. शिवणकामातली ही बहुधा सर्वांत सोपी वस्तू असेल. तिला काज नाही, बटण नाही, गळा नाही की बाही नाही. ब्लाउजच्या उरलेल्या तुकड्यातून ती होते. नवशिक्या मुलीला पहिल्या आठवड्यात जमते आणि झाली की लगेच डोक्यावर लावून आरशात बघता येते. गेली काही वर्षं घराघरांतून, बचत गटांच्या प्रदर्शनांतून आणि शाळांच्या आनंदमेळाव्यांतून हे पट्टे दिसू लागले आहेत. खणाचे, इरकली साडीच्या काठाचे, वारली छापाच्या सुती कापडाचे. दिसतात गोड. त्यांच्याकडे बघताना माझ्यातल्या लेखिकेला आनंद होतो आणि माझ्यातली निवृत्त बँक अधिकारी मात्र पेन्सिल काढून हिशेब मांडू लागते. हा लेख त्या दोघींचा आहे.

आधी आनंदाचं बोलू.

उरलेल्या कापडाचं करायचं काय, हा प्रश्न आपल्या आजीला कधी पडलाच नाही. नऊवारी लुगडं हे तिच्या घरात दहा-पंधरा वर्षं नांदणारं माणूसच होतं. ते विरलं की त्यातला धड भाग काढून मुलींचं परकर-पोलकं व्हायचं. आणखी मऊ झालं की बाळंतिणीच्या खोलीत दुपटी आणि लंगोट म्हणून जायचं. कारण तान्ह्याच्या अंगाला नवं कापड टोचतं, जुनंच सोसतं. मग त्याचे थर एकावर एक घालून धावदोऱ्यानं गोधडी शिवली जायची. गोधडी फाटली की पायपुसणं, त्यानंतर पोतेरं, आणि उरलेल्या सुती धांदोट्यांचे काकडे. शेवटी कापड उजेड देऊन संपायचं. बंगालात जुन्या साड्यांच्या थरांतून कांथा झाली, उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांच्या हातून तुकड्यांची कवंद झाली. दारिद्र्य, काटकसर आणि डोळ्यांना हवं असलेलं थोडंसं सौंदर्य, या तिन्हींचं हे मिळून झालेलं काम.

आता लुगडी गेली आणि कापड विरेपर्यंत वापरायची सवयही गेली. तरी एका ठिकाणी उरलेलं कापड रोज तयार होतंच, ते म्हणजे शिंप्याचं किंवा ब्लाउज शिवणाऱ्या ताईचं दुकान. साडीबरोबर येणारा ब्लाउज पीस साधारण ऐंशी सेंटिमीटरचा. पाठ, पुढचे भाग, बाह्या आणि पट्ट्या बेतून झाल्या, की पन्हा मोठा असेल तर एका कडेला लांब पट्टी उरते. बगलेच्या आणि गळ्याच्या गोलाईतून वेडेवाकडे तुकडे पडतात, ते वेगळेच. या नव्या कापडाच्या तुकड्यांना आपण कातरण म्हणतो. चिंधी जुन्याची, कातरण नव्याची. ब्लाउज शिवायला टाकताना 'उरलेलं कापड परत द्या हं' असं बजावणाऱ्या बायका अजून आहेत. ते परत येतं, कपाटाच्या खालच्या कप्प्यात जातं आणि वर्षानुवर्षं तिथंच राहतं. त्या कप्प्याला वाट फोडायची तर हेअरबँडइतका सोपा उपाय नाही.

ज्यांच्या घरी मशीन आहे, त्यांनी या रविवारी करून पाहावा. मशीन नसेल तर हातशिलाईनंही होतो, फक्त बारीक उलटी टीप घालावी.

मोठ्या बाईच्या डोक्याचा घेर साधारण बावीस इंच असतो. त्यासाठी सोळा इंच लांब आणि पाच इंच रुंद अशी एक मुख्य पट्टी कापावी. दुसरी पट्टी नऊ इंच लांब, दोन इंच रुंद. आणि अर्धा इंच रुंदीचं इलॅस्टिक, सहा इंच. कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावं. खणाचे आणि गडद सुती कापडाचे रंग पहिल्या धुण्यात सुटण्याची शक्यता असते, आणि तेलकट केसांवर व घामेजल्या कपाळावर ते उतरले तर पट्टा पुन्हा कुणी लावणार नाही. सुती कापड केसांवर टिकतं. रेशमी आणि सॅटिनचं घसरतं. जॉर्जेटच्या कडांचे धागे सुटतात, म्हणून नवशिक्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

मुख्य पट्टी लांबीत दुमडावी, सुलटी बाजू आत. लांब कडेला पाव इंचावर टीप मारावी. नळी तयार होईल. एका टोकाला सेफ्टी पिन अडकवून ती नळीतून सरकवत नेली, की पट्टी सुलटी होते. शिवण मागच्या बाजूच्या मधोमध येईल अशी इस्त्री फिरवावी. लहान पट्टीचंही तसंच करावं आणि तिच्यात पिनेनंच इलॅस्टिक ओवावं. एक टोक सुटून आत जाऊ नये म्हणून आधी तिथं टीप घालून टाकावी. नऊ इंचांची नळी सहा इंचांच्या इलॅस्टिकवर चुणून बसते. दुसरं टोकही शिवून टाकावं. आता मुख्य पट्टीची दोन्ही टोकं अर्धा-अर्धा इंच आत दुमडावीत, त्यांना चुण्या घालून इंचाएवढं अरुंद करावं, इलॅस्टिकचं एकेक टोक अर्धा इंच आत खोचावं आणि वरून दोनदा टीप मारावी. पट्टा न ताणता वीस इंच भरतो आणि डोक्यावर ताणून बावीसला नीट बसतो. पाच-सहा वर्षांच्या मुलीसाठी मुख्य पट्टी चौदा इंच घेतली की पुरे.

एवढंच काम. शिवता शिवता एखाद्या नातीला टेप धरायला बसवलं, तर पाव इंच म्हणजे किती, दुमडल्यावर रुंदी निम्मी का होते, उलटं शिवून सुलटं का करायचं, हे सगळं ती पुस्तकाशिवाय शिकते. भूमितीच्या तासाला न कळलेली गोष्ट शिवणाच्या मशीनपाशी कळल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे. आणि आजीच्या साडीच्या काठाचा पट्टा लावून शाळेच्या स्नेहसंमेलनाला जाणाऱ्या मुलीला तो किती रुपयांचा, हा प्रश्न कुणी विचारू नये. घरातल्या मायेला किंमतपट्टी लावायची नसते.

प्रश्न सुरू होतो तो हा पट्टा घराच्या उंबऱ्याबाहेर पडला की.

महाराष्ट्रात बायकांच्या बचतीला आणि छोट्या उद्योगाला संघटित रूप देण्याचे प्रयत्न बरेच जुने आहेत. महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झालं १९७५ साली. नाबार्डनं १९९२ मध्ये देशातले पाचशे बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला आणि बघता बघता त्याची चळवळ झाली. २०११ पासून 'उमेद' अभियान आलं. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा कापडी पिशव्या, आणि २०२० च्या साथीत कापडी मुखपट्ट्या शिवायला याच बायका पुढे आल्या. पिशव्या झाल्या, मुखपट्ट्या झाल्या, त्याच मशीनवर आता हेअरबँड होताहेत. भांडवल कमी, शिकायला सोपं, विकायला हलकं. कागदावर याहून चांगला उद्योग सापडायचा नाही.

पण प्रदर्शनात जरा वेळ उभं राहून ऐका. गिऱ्हाईक पट्टा हातात घेतं, उलटसुलट बघतं आणि म्हणतं, 'तीस रुपये? उरलेल्या कापडाचाच तर आहे!' विकणारी बाई ओशाळून हसते आणि वीसला देऊन टाकते. दोघींनाही काही गैर घडल्यासारखं वाटत नाही.

काय घडलं, ते आकड्यांत मांडून पाहू. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, आपापल्या गावच्या भावानं बदलून घ्यावेत. समजा, सहा इंच इलॅस्टिकचे दोन रुपये, दोऱ्याचा एक, वीज आणि मशीनचा घसारा मिळून एक, पुठ्ठा आणि वेष्टनाचे दोन. झाले सहा. कापड फुकट धरू. विक्री एखाद्या दुकानातून होते आणि दुकानदार शंभराला चाळीस कापून घेतो असं समजू. तीस रुपयांच्या पट्ट्यात बारा त्याचे गेले, अठरा उरले. त्यातून सहा वजा जाता बारा रुपये शिवणारीचे. कापणं, शिवणं, सुलटं करणं, इस्त्री, दोरे तोडणं, हे सगळं दहा-दहाच्या घाण्यानं केलं तरी एका पट्ट्याला वीस मिनिटं लागतात. म्हणजे तासाला छत्तीस रुपये आणि आठ तासांचे दोनशे अठ्ठ्याऐंशी.

आता किंमत वीसवर आणू. दुकानदाराचे आठ, खर्चाचे सहा, उरले सहा. तासाला अठरा, दिवसाला एकशे चव्वेचाळीस. लक्षात घ्या, किंमत उतरली तिसऱ्या हिश्शानं, पण मजुरी उतरली निम्म्यानं. इलॅस्टिकवाला आपला भाव सोडत नाही, दोरेवाला सोडत नाही, वीज कंपनी तर नाहीच नाही. घासाघीस केलेले सगळे पैसे एकाच जागेवरून कापले जातात, ती जागा म्हणजे शिवणारीचा वेळ. २०२४-२५ या वर्षात रोजगार हमीवर माती उचलण्याची महाराष्ट्रातली मजुरी केंद्र सरकारनं दिवसाला २९७ रुपये ठरवली होती. मशीनवर सफाईनं टीप मारणाऱ्या बाईला तीस रुपयांच्या भावानं तेवढीही पडत नाही, आणि वीसच्या भावानं तर निम्मीही नाही.

कुणी म्हणेल, दुकानदाराला कशाला द्यायचं, स्वतः विकावं. जरूर विकावं. पण मग स्टॉलवर दिवसभर उभं राहण्याचे तास हिशेबात धरावेत. ते धरले जात नाहीत, हीच तर गोम आहे.

नव्वदच्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी शाखेत असताना शिलाई मशीनसाठी कर्ज मागायला एक बाई आल्या होत्या. नवरा गेलेला, दोन मुलं शाळेत. एक मशीन होतं, दुसरं हवं होतं, कारण शेजारची एक मुलगी हाताखाली काम करायला तयार होती. छापील नमुन्यात प्रकल्पाचा खर्च आणि उत्पन्न भरायचं असे. मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या. कापड, दोरा, सुया, तेल, मशीनचा घसारा, त्या मुलीचा पगार. शेवटी बेरीज-वजाबाकी करून 'निव्वळ शिल्लक' लिहिली आणि कागद त्यांच्यापुढे सहीला सरकवला. त्यांनी सही करण्याआधी तो सावकाश वाचला आणि म्हणाल्या, "मॅडम, मशीनची झीज धरली, पोरीचा पगार धरला. माझं कुठं धरलंय?"

मी म्हटलं, "ही शिल्लक तुमचीच की."

"शिल्लक म्हणजे नफा ना? नफा धंद्याचा झाला. मी दिवसभर मशीनवर बसते, त्याची मजुरी कुठल्या रकान्यात?"

हिशेबशास्त्राच्या दृष्टीनं त्यांचं म्हणणं अगदी चोख होतं. मजुरी वजा गेल्यावर उरतो तो नफा. मजुरी न धरता जे उरतं, त्याला नफा म्हणणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. त्या नमुन्यात तो रकानाच नव्हता. आम्ही दोघींनी मिळून समासात पेन्सिलनं एक ओळ लिहिली : 'स्वतःची मजुरी'. तिथं आकडा घातला तेव्हा शिल्लक इतकी बारीक झाली, की बाईंनी कर्ज न घेताच आधी आपले शिलाईचे दर वाढवले. दोन महिन्यांनी परत आल्या, नवे दर घेऊन. कर्ज मंजूर झालं आणि वेळेवर फिटलं. नोकरीत मोठमोठ्या कर्जांच्या फायली हाताखालून गेल्या, पण इतका नेमका प्रश्न विचारणारा कर्जदार क्वचितच भेटला. मशीनचा घसारा असतो, तसा मानेचा, पाठीचा आणि डोळ्यांचाही असतो. त्यासाठी कुठल्याच कागदावर जागा नसते.

असं का होतं? मला वाटतं, 'उरलेलं' या शब्दातच घोटाळा आहे. कापड उरलेलं, म्हणून फुकट. आणि ते शिवायचं 'उरलेल्या वेळात', म्हणून वेळही फुकट. एका फुकटाला दुसरं फुकट चिकटतं आणि त्यातून तयार झालेली वस्तूही जवळजवळ फुकट असावी अशी आपली अपेक्षा होते. पण हा बायकांचा 'फावला वेळ' असतो तरी कुठे? केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यानं २०२४ साली केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीनुसार घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि ती करणारे पुरुष ८८ मिनिटं. म्हणजे जवळजवळ पाच तास एकीकडे आणि दीड तास दुसरीकडे. त्या पाच तासांच्या आधी, नंतर किंवा मधल्या फटीत जो वेळ सापडतो, तो उरलेला नव्हे. तो झोपेतून, वाचनातून, मैत्रिणीशी बोलण्यातून काढलेला असतो. ब्लाउजमधून पट्टी आपसूक उरते. वेळ आपसूक उरत नाही, तो काटून काढावा लागतो.

गांधीजी यंत्रांचे टीकाकार म्हणून प्रसिद्ध. पण १९२४ साली एका संभाषणात त्यांनी शिवणाच्या सिंगर मशीनचा मुद्दाम अपवाद केला होता. त्यांचं म्हणणं असं, की बायकोला हातानं टाके घालत कष्टताना पाहून सिंगरला हे यंत्र सुचलं, म्हणजे त्यामागे प्रेम होतं. तिचे श्रम वाचावेत, ही कळकळ होती. मशीनमागची ती दृष्टी आपण विसरलो. ज्या यंत्रानं बाईचा वेळ वाचवायचा, त्याच्यापुढे तिला बसवून आपण तिच्या वेळेलाच बिनमोल ठरवतो. जुन्या कापडाचा मान कसा राखावा, याचं चांगलं उदाहरण 'गूंज' या १९९९ साली स्थापन झालेल्या संस्थेनं घालून दिलं आहे. शहरातून आलेले कपडे तिथं दान म्हणून वाटले जात नाहीत. गावानं विहीर खोदली, रस्ता केला, तर त्या कामाचा मोबदला म्हणून ते दिले जातात. कापड तेच, पण घेणाऱ्याची मान ताठ राहते.

मग आपण काय करावं? फार मोठं काही नाही. पट्टे शिवून विकणाऱ्या मैत्रिणींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून दहा पट्ट्यांना किती वेळ लागला, ते एकदा वहीत लिहावं. पहिल्या ओळीत कापड लिहिण्याआधी स्वतःची मजुरी लिहावी. गटातल्या सगळ्यांनी मिळून एक किमान भाव ठरवावा आणि त्याखाली कुणीच उतरू नये. एकटीला 'नाही' म्हणणं जड जातं, दहाजणींना सोपं जातं. तुकडे शिंप्याकडून घेत असाल तर त्यालाही दोन पैसे द्यावेत. त्यानं ते निवडून, बाजूला काढून ठेवले, त्यातही मेहनत आहे. आणि फुकट मिळालेल्या वस्तूच्या मालाला फुकटाचाच वास येतो, तो त्यामुळे जाईल.

गिऱ्हाइकानं, म्हणजे तुम्हीआम्ही, एवढंच करावं : 'उरलेल्या कापडाचाच तर आहे' हे वाक्य तोंडातून काढू नये. मोठ्या दुकानात काचेमागच्या पट्ट्यावर चिकटवलेली किंमत आपण निमूट देतो. तिथं कापड कुठून आलं, हे विचारत नाही. मग रस्त्याकडेच्या टेबलामागे उभ्या असलेल्या बाईलाच ते का विचारायचं? पट्टा आवडला नाही तर घेऊ नये. शिवण उसवलेली असेल, इलॅस्टिक ढिलं असेल तर स्पष्ट सांगावं, कारण मोलाचं मागणाऱ्यानं काम चोख द्यायलाच हवं. पण आवडला, शिवण चांगली आहे, तर ठरलेली किंमत द्यावी. आपण दहा रुपये वाचवतो तेव्हा कुणाच्या तरी वीस मिनिटांची किंमत अर्ध्यावर आणतो, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

घरच्या पट्ट्यांचं मात्र निराळं. तिथं हिशेब नको. फक्त शिवणाऱ्या हातांनाही एखाद्या दुपारी सुट्टी मिळावी, चहाचा कप आयता मिळावा आणि टेप धरायला नातीबरोबर नातवालाही बसवावं. पाव इंचाची टीप त्यालाही यायला हरकत नाही. ती येऊ लागली, की कपाटातल्या खालच्या कप्प्याकडे आणि मशीनपाशी बसलेल्या बाईकडे तो निराळ्या नजरेनं बघेल.